सोमवारची बदली

बुधवार, ७ जानेवारी १९५३. मु. दिवखार

पोचले! धरमतरच्या लाँचमध्ये दोनदा ओकले, पुढे बैलगाडीत हाडं खिळखिळी झाली आणि शेवटच्या मैलभर बांधावरून चालताना एक चप्पल चिखलाने गिळली. पण पोचले, आणि इतकी खूश आहे की दुसरी चप्पलही खाडीत भिरकावून द्यावीशी वाटतेय.

ही वही पुढेमागे कुणी वाचलीच (बाबा, तुम्ही असाल तर आत्ताच मिटा) तर कळावं म्हणून लिहून ठेवते. मी कमळ, वय तेवीस, राहणार गिरगाव, कायद्याची पदवीधर आणि सध्या विद्यापीठाची शिष्यवृत्ती घेऊन संशोधन करणारी. आमच्या सरांची नवी योजना अशी, की एकेकाने एकच गाव घ्यायचं आणि कायदा, विज्ञान व समाज अशा तिन्ही बाजूंनी त्याचा अभ्यास करायचा. डोंगरातली, थंड हवेची गावं मुलांनी आधीच पटकावली. माझ्या वाट्याला पेणच्या खाडीवरचं हे आगरी लोकांचं मिठागर आलं. प्रबंधाचा विषय 'राज्यघटनेनंतरची वेठ'. माणसाकडून जबरीने, फुकट काम करून घेणं हा आता गुन्हा आहे, आणि तो अजून कुठे घडतो का हे मी शोधायचं. जूनपर्यंत प्रबंध दिला नाही तर शिष्यवृत्ती बंद आणि मी घरी. घरी म्हणजे बाबांच्या छापखान्यात लग्नपत्रिकांची प्रुफं तपासत, आणि त्यातली एक माझीच असेल!

मिठागराचे मालक मुंबईला राहतात. सरांनी त्यांची परवानगी पत्राने घेतली होती. त्यांचा मुकादम कोंडाजी मला आणायला स्वतः धक्क्यावर आला. देवमाणूस आहे. त्यानेच माझी सोय येसूबाईकडे लावली. येसूबाई पन्नाशीची. नवरा आणि मुलगा मुंबईला गोदीत, घरात ती आणि सून राही. मी वाकून नमस्कार करायला गेले तर येसूबाई दोन पावलं मागे सरली.

"पाय धू आधी," म्हणाली.

शुक्रवार, ९ जानेवारी

प्रश्नावलीला सुरुवात! बत्तीस प्रश्न आहेत, सगळे मीच तयार केलेत आणि मला ते सगळेच आवडतात. कोंडाजी घरोघर माझ्याबरोबर येतो. माझी छत्री धरतो, प्रत्येक ओटीवर माझ्या शेजारी बसतो आणि माणसं गप्प झाली की त्यांना धीर देतो, "सांग सांग. बाय मालकांच्या ओळखीची हाय." एवढं सहकार्य मिळतंय हे सरांना सांगितलं तर खरं वाटणार नाही.

एकोणिसावा प्रश्न महत्त्वाचा: 'आपणाकडून मोबदल्यावाचून, आपल्या इच्छेविरुद्ध, कोणी काम करून घेते काय?' आज अकरा घरं झाली. अकरा घरांत 'न्हाय'. नामा नावाच्या एका म्हाताऱ्याने तर प्रश्न पुरा व्हायच्या आतच न्हाय म्हणून टाकलं. येसूबाईने आधी कोंडाजीकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग म्हणाली, "लिव, न्हाय."

म्हणजे राज्यघटना दिवखारपर्यंत येऊन पोचलीसुद्धा! तीन वर्षांत! मला ओटीवरच नाचावंसं वाटलं. वेठ सापडली नाही तर प्रबंधात काय लिहायचं ही अडचण आहे खरी, पण एवढ्या चांगल्या बातमीपुढे ती काहीच नाही.

सोमवार, १२ जानेवारी

आज गावात चिटपाखरू नाही. उजाडायच्या आतच सगळे निघून गेलेले. येसूबाई नाही, राही नाही, नुसती म्हातारीकोतारी आणि पोरं. मी बांधावर चढून पाहिलं तर खाडीकडच्या मोठ्या बांधावर सत्तर-ऐंशी माणसं ओळीने उभी राहून चिखलाचे गोळे हातोहात पुढे देत होती. संध्याकाळी दोघी घरी आल्या त्या कमरेपर्यंत चिखलात.

"आज काय होतं?" मी विचारलं.

"सोमवार," राही म्हणाली, आणि भाकरी थापायला बसली.

मग कोंडाजीला गाठलं. तो म्हणाला की बांध मालकांचा, आणि दर सोमवारी गाव येऊन तो दुरुस्त करतं. पैशाचं विचारलं तर हसला. "पैसं कसलं बाय? गावाचं प्रेम हाय मालकावर. तुमी शिकलेली मानसं काय म्हनता त्याला? श्रमदान!"

श्रमदान! सरकार पत्रकं छापून छापून दमलं आणि इथे ही माणसं दर सोमवारी गाजावाजा न करता ते करतायत. प्रबंधाच्या 'समाज' भागासाठी एका बैठकीत सात पानं लिहिली. सरांनाही पत्र टाकलं. पत्रात उद्गारचिन्हं जरा जास्त झाली असावीत.

गुरुवार, १५ जानेवारी

आज विज्ञान. पदार्थविज्ञान विभागाने मला पाण्याचा खारेपणा मोजायची काचेची नळी उसनी दिलीय, फुटली तर भरपाई माझ्याकडून. इथली रीत अशी, की उधाणाला खाडीचं पाणी आत घ्यायचं, एका कोंडीतून दुसऱ्या कोंडीत फिरवत उन्हात तापवायचं आणि शेवटच्या कोंडीत मीठ धरू द्यायचं. कोंडी म्हणजे चिखल धोपटून केलेला उथळ हौद. येसूबाईकडे अशा सहा कोंड्या आहेत. जमीन मालकांची, राबणं हिचं.

मी नळी सोडली, डोळे बारीक करून आकडा वाचला, कोष्टकात पाहिलं, भागाकार केला आणि जाहीर केलं की मीठ धरायला अजून दोन दिवस लागतील. येसूबाईने पायाचा अंगठा पाण्यात बुडवला. "दोन दिस," म्हणाली, आणि चालू लागली. मी प्रबंधात दोन्ही पद्धती लिहिणार आहे, अंगठ्याची आधी.

इथले चांगदेव गुरुजी शाळेत एकटेच शिक्षक, वय अठ्ठावीस. त्यांना राज्यघटनेची फार गोडी आहे. रोज संध्याकाळी एक कलम समजून घ्यायला येतात. आज चौदावं घेतलं. काल आणि परवाही चौदावंच होतं. एकेक गोष्ट मुळापासून समजून घेणारी माणसं दुर्मीळ असतात.

शनिवार, १७ जानेवारी

काय झालं सांगू? मला कामाला लावलंय!

सकाळी मी दुसऱ्या फेरीचे प्रश्न घेऊन येसूबाईपुढे बसले. ती उभीच राहिली.

"त्या दिशी तू मना अर्धा दिस बसवून ठेवलंस. त्यो दिस माझा गेला. आता तुझा दे."

मला कळेना. मग राहीने समजावलं. इथे सावड आहे. तू माझ्या कोंडीत राबलीस तर मी तुझ्या कोंडीत राबायचं, दिवसाला दिवस. कुणाचा वेळ कुणी फुकट घेत नाही.

"फुकट घेनारा एकच हाय," येसूबाई म्हणाली, "अन् तू काय त्याच्यातली न्हायस."

तो एकच म्हणजे देव असावा. किती श्रद्धाळू माणसं ही! मी तिथल्या तिथे पदर खोचला. दुपारपर्यंत मिठाच्या टोपल्या वाहिल्या. चौथ्या टोपलीला मी मिठासकट कोंडीत बसले आणि अख्ख्या मिठागराने काम थांबवून माझ्याकडे पाहिलं. राहीला तर हसून हसून उचकी लागली. मलाही.

गंमत म्हणजे ही बातमी दुपारपर्यंत गावभर झाली आणि संध्याकाळी दारात बायकांची रांग. ज्यांना ज्यांना मी प्रश्न विचारलेत त्या सगळ्यांना अर्धा अर्धा दिवस परत हवाय! आयुष्यात कुणाला माझी एवढी गरज लागली नव्हती.

बुधवार, २१ जानेवारी

मान आखडली, तळपायाला चिरा, त्यात मीठ. झोप मात्र अशी लागते की राही मला पाणी शिंपडून उठवते. आईला लिहिलं की इथली हवा मानवली.

एक शोध लागलाय. ओटीवर बसून विचारलं की माणसं 'हाय' आणि 'न्हाय' यापलीकडे जात नाहीत. डोक्यावर टोपली असली की बोलतच सुटतात. कोंडाजीला ऊन सोसत नाही, तो कचेरीच्या सावलीत बसतो, त्यामुळे बिचाऱ्याला ही मजा मिळत नाही.

येसूबाईची कायद्याची जाण तर थक्क करणारी आहे. आज वाहता वाहता तिने मला असे प्रश्न विचारले: तक्रार कोणापुढं करायची? ती ऐकीव चालते का ज्याच्यावर बेतली त्यानंच करायची? करणारा गावचाच पाहिजे का? त्याच्याकडं मालकाची जमीन नसली तर त्याचं काय काढून घेतील? मी सगळं सविस्तर सांगितलं. ज्याने स्वतः भोगलं त्याची साक्ष सर्वांत भक्कम, मग तो कुठलाही असो, हे तर मी तिला दोनदा सांगितलं. तिने ते माझ्याकडून तिसऱ्यांदा वदवून घेतलं. इतकी जिज्ञासू विद्यार्थिनी मला मुंबईत भेटली नाही!

शनिवार, २४ जानेवारी

येसूबाईचा हिशेब झाला. जेवणखाण, मुक्काम, प्रश्न सगळं धरून मी तिला एक पुरा दिवस देणं लागते.

"सोमवारी दे," ती म्हणाली. "माझ्या बदली तू बांधावर जा."

श्रमदानात भाग घ्यायला मिळणार! मी टाळी वाजवली. राही तोंड फिरवून चुलीशी गेली. तिला बहुधा वाटलं असेल की मी पुन्हा चिखलात बसणार.

फक्त सोमवारी सव्वीस जानेवारी आहे आणि शाळेतल्या झेंडावंदनाला मी भाषण करायचं कबूल केलंय. म्हटलं, भाषण करून पळत जाईन.

सोमवार, २६ जानेवारी

बोटं वळत नाहीत म्हणून अक्षर असं. आज सगळंच झालं!

झेंडा होडीच्या काठीला लावला होता. समोर अठरा पोरं, तीन म्हातारे आणि एक बकरी. बाकी गाव बांधावर. मी तेविसावं कलम खणखणीत म्हणून दाखवलं, 'वेठबिगारीस मनाई' या शब्दांवर गुरुजींनी एकट्याने टाळ्या वाजवल्या आणि मी पदर खोचून जी धूम ठोकली ती थेट बांधावर.

कोंडाजीने मला ओळखलंच नाही. म्हणजे ओळखलं, पण मीच मालकीण असल्यासारखी माझ्यावर छत्री धरणारा कोंडाजी हा नव्हेच. "येसूबायची बदली तू? सूर्य कुठं आलाय बघ! परत उशीर केलास तर तिच्या दोन कोंड्या काढून घेईन." मी मोठ्याने हसले. बाकी कुणी हसलं नाही. मला वाटलं, चिखलात उभ्या असलेल्या माणसांना विनोद उशिरा कळतो.

पौर्णिमेचं उधाण यायच्या आत बांधाचं भगदाड बुजवायचं होतं. सहा तास चिखलाचे गोळे घेतले आणि दिले. माझ्या एका बाजूला राही, दुसऱ्या बाजूला नामाबाबा. ते मधेच खाली बसले तेव्हा सगळी ओळ जवळ सरकली आणि त्यांची जागा झाकून टाकली, कोंडाजीला दिसू नये म्हणून. ओळीतली शिस्त वाखाणण्यासारखी.

दिवस कलल्यावर सगळे घरी निघाले. मी मात्र कोंडाजीसमोर उभी राहिले. का, ते कळेना. मग पाहिलं तर माझा हात पुढे झालेला होता. अंगाला आपोआप वाटलं होतं की आता काहीतरी मिळेल.

"बाय," तो म्हणाला, "श्रमदान." आणि त्याने हजेरीच्या वहीत मोत्यासारख्या अक्षरात लिहिलं: 'येसूबाई, बदली कमळ, तीन तास उशीर.'

मंगळवार, २७ जानेवारी

उठवत नव्हतं. पडल्या पडल्या माझ्या प्रबंधाचं पहिलं प्रकरण चाळायला घेतलं. त्यात वेठ कशाला म्हणावं याची मीच केलेली व्याख्या आहे, सरांनी समासात 'उत्तम' असं लिहिलेली. काम दुसऱ्याच्या फायद्याचं असावं. त्याचा मोबदला नसावा. नाकारलं तर शिक्षेची भीती असावी.

वाचलं. परत वाचलं. मग उठून बसले.

मी काल वेठ केली.

आधी मला हसू फुटलं. असं फुटलं की राही धावत आली. वेठीचा अभ्यास करायला आलेली बाई प्रजासत्ताक दिनी वेठीवर जाते आणि घरी येऊन शिस्तीचं कौतुक लिहिते! मग श्रमदानाची ती सात पानं आठवली, आणि सरांना टाकलेलं पत्र. मग कोंडाजी आठवला, प्रत्येक ओटीवर माझ्या शेजारी बसलेला. अरे देवा. मी गाढव आहे. पदवीधर गाढव.

धावत (लंगडत) कोंडीवर गेले. "तुम्हाला माहीत होतं!" मी येसूबाईला म्हटलं. "मुद्दाम पाठवलंत मला!"

तिने फावडं थांबवलं नाही. "मंग? आमी सांगून तुला कलत व्हतं का? श्रमदान लिवत व्हतीस."

"मग तुम्हीच तक्रार का नाही केली?"

"नामानं केली व्हती. तक्रारीला पेनला गेला त्यो सोमवार चुकला, दोन कोंड्या गेल्या. आमी तोंड उघडलं का घर जातंय." मग तिने माझ्याकडे पाहिलं. "तू भोगलंस. तू गावची न्हायस. तुझ्याकं मालकाची जमीन न्हाय. तुझं काय जातंय?"

मी म्हटलं, काहीच नाही! उद्याच लिहिते! आणि इतका आनंद झाला मला, की मी तिला मिठी मारली. दोघींना मीठ लागलं.

मंगळवार, १० फेब्रुवारी

इतके दिवस लिहिलं नाही, सरांच्या उत्तराची वाट पाहत होते. सगळी हकिकत कळवून तक्रारीचा मसुदा त्यांच्याकडे पाठवला होता. कौतुकाची अपेक्षा होती, हे कबूल करते.

उत्तर आलं. सर रागावलेले नाहीत, तेच जास्त वाईट. लिहितात, 'मसुदा निर्दोष आहे. परंतु तक्रारीवर तुमची सही झाली की तुम्ही त्या गावच्या निरीक्षक उरत नाही, पक्षकार होता. पक्षकाराने स्वतःच्याच खटल्यावर लिहिलेला प्रबंध कोणताही परीक्षक स्वीकारणार नाही, आणि मी परीक्षक असतो तर मीही नसता. दोहोंपैकी एक निवडा. काय निवडावे हे मी सांगणार नाही.'

तर माझं हे जातंय, येसूबाई.

मी तिला सांगितलं नाही. सांगितलं तर ती म्हणेल, नको करू, आणि तिने तसं म्हटलं तर मी ऐकेन अशी मला दाट शंका आहे.

बुधवार, ११ फेब्रुवारी

सकाळी ठरवलं, प्रबंध. नऊ वाजता ठरवलं, तक्रार. दुपारी ठरवलं की आधी प्रबंध देऊन जुलैत तक्रार करू. ही युक्ती इतकी आवडली की स्वतःचीच पाठ थोपटली. मग मोजलं, जुलैपर्यंत सोमवार किती. वीस. वीस वेळा नामाबाबा खाली बसणार आणि ओळ जवळ सरकणार.

बाबांचा छापखाना, प्रुफं, माझी पत्रिका, सगळं डोळ्यांपुढे आलं. मला भीती वाटतेय. हे वहीत तरी लिहिलं पाहिजे.

गुरुजी आले होते. आज कलम घेतलंच नाही. मी रडवेली दिसले म्हणून शहाळं आणलं आणि मी ते संपवेपर्यंत गुरुजी ओटीवर बसले. शेवटी म्हणाले, "पेणला जायचं असेल तर उद्या मी रजा टाकतो."

गुरुवार, १२ फेब्रुवारी

पेण. मामलेदार कचेरी. सही केली!

कारकुनाने अर्ज वरखाली पाहिला. "तक्रारदाराचा धंदा?" मी म्हटलं, लिहा, मजूर. त्याने माझ्या चष्म्याकडे पाहिलं, मग हातांकडे पाहिलं. मिठाने पडलेल्या भेगा बघून त्याने लिहून टाकलं.

बाहेर आल्यावर मला इतकं हलकं वाटलं की बाजारात गुरुजींना दोन ग्लास उसाचा रस पाजला आणि स्वतः तीन प्याले. परतीच्या वाटेवर गाणी म्हटली. माझा आवाज वाईट आहे. गुरुजी म्हणाले, ठीक आहे.

शुक्रवार, २० फेब्रुवारी

चौकशी झाली! हे सगळं नीट, क्रमाने लिहिलं पाहिजे, पण क्रम लागत नाहीये.

मामलेदार स्वतः आले. कचेरीपुढच्या पिंपळाखाली खुर्ची टाकली. सगळं गाव जमलं. कोंडाजी त्यांच्या शेजारी उभा, मालकांचा वकील दुसऱ्या बाजूला. मामलेदारांनी एकेकाला विचारलं, सोमवारी जबरीने काम करून घेतात का? पहिला, न्हाय. दुसरा, न्हाय. नामाबाबांनी तर मानच वर केली नाही. मी एकटी पडले आणि वकील हसायला लागला.

मग येसूबाई उभी राहिली.

"सव्वीस तारखेला तुम्ही बांधावर होता?"

"न्हाय साहेब. मी घरी व्हते. माझी बदली गेली व्हती."

"बदली का पाठवलीत? नसती पाठवली तर?"

"नसती पाठवली तर काय व्हतं," येसूबाई गोड आवाजात म्हणाली, "ते मुकादमाला ठावं. त्याच्या वहीत समदं असतंय."

वकिलाने कोंडाजीला डोळ्याने खुणावलं असावं, गप्प राहा म्हणून. पण कोंडाजीला त्याच्या वहीचा फार अभिमान. शिवाय त्याला माझं खोटं पकडायचं होतं. मी अर्जात 'दिवसभर काम केले' असं लिहिलं होतं ना! "साहेब, ही बाय खोटं बोलते," तो म्हणाला, आणि बंडीतून वही काढून त्याने मामलेदारांच्या मांडीवरच ठेवली. "तीन तास उशिरा आली. बघा, लिवलंय! मी एक दिस चुकवत न्हाय लिवायचा."

मामलेदारांनी पाहिलं. मग मागचं पान उलटलं. मग त्याच्या मागचं. चार वर्षांचे सोमवार! प्रत्येकाचं नाव, प्रत्येकाची वेळ, आणि तांबड्या शाईत: 'नामा, गैरहजर, दोन कोंड्या काढल्या.' मोत्यासारखं अक्षर. वकिलाने कपाळाला हात लावला.

"मजुरी कुठल्या रकान्यात आहे?" मामलेदारांनी विचारलं.

"तसा रकाना न्हाय, साहेब."

"आणि हे दर सोमवारी पहिलं नाव कोणाचं? कोंडाजी मुकादम. म्हणजे तुम्हीच ना? तुम्हाला सोमवारचा पगार मिळतो?"

कोंडाजीने तोंड उघडलं. 'प्रेम' म्हणायला निघाला होता, मला दिसलं. मग तोंड तसंच उघडं राहिलं. त्याने वहीकडे पाहिलं, गावाकडे पाहिलं, आणि मला पहिल्यांदा त्याची दया आली.

मामलेदारांनी तिथेच हुकूम लिहिला. पुढचा निकाल होईपर्यंत सोमवारी कुणाला बोलवायचं नाही, कुणाची कोंडी काढायची नाही, बांध बांधायचा तर रोजाने. हुकूम कचेरीच्या दारावर चिकटवला. लोक त्याच्यापुढे नुसतेच उभे राहिले. मी तो मोठ्याने वाचून दाखवला. मग परत वाच म्हणाले. पाच वेळा वाचला, आणि पाचव्यांदा नामाबाबा माझ्याबरोबर म्हणत होते.

शनिवार, २१ फेब्रुवारी

सरांचं पत्र. शिष्यवृत्ती मार्चअखेर बंद. सर्व कागद विभागात जमा करावेत, दुसरा कोणी संशोधक काम पुढे नेईल. टाइप केलेल्या मजकुराखाली शाईने, सरांच्या अक्षरात: 'तुमचा गुरू म्हणून मला दुःख आहे आणि नागरिक म्हणून अभिमान.'

आधी हसले, मग रडले, बराच वेळ. माझे बत्तीस प्रश्न कुणीतरी दुसरा विचारणार. मला ते फार आवडत होते.

गुरुजी म्हणाले की शाळेला दुसऱ्या शिक्षकाची मंजुरी आलीय आणि बाई मिळाली तर बरं. त्यांना शाळेची फार काळजी.

सोमवारी सकाळी येसूबाईला पत्राचं सांगायचं ठरवलं. लपवून ठेवणं म्हणजे तिचा दिवस फुकट घेतल्यासारखं वाटतंय.

सोमवार, २३ फेब्रुवारी

उजाडलं तेव्हा मी आपोआप जागी झाले. राहीने पाणी शिंपडलं नव्हतं. बाहेर काहीच आवाज नाही, बांधाकडे जाणारी पावलं नाहीत, हाका नाहीत. खिडकीतून पाहिलं तर खाडीकडचा बांध रिकामा होता आणि त्याच्या टोकाला कोंडाजी गळ टाकून मासे धरत बसला होता.

पत्र घेऊन माजघरात गेले. येसूबाई निजली होती. अंगावर ऊन आलं होतं तरी निजली होती. तोंड थोडं उघडं, एक पाय गोधडीबाहेर, टाच मिठाने पांढरी पडून फुटलेली. मला वाटलं आजारी आहे. वाकून पाहायला गेले तर राहीने दारातून बोट ओठांवर ठेवलं आणि मला बाहेर ओढलं.

"उठवू नको गो," ती कुजबुजली. "मी लगीन होऊन ह्या घरात आले त्याला सा वर्सं झाली. सासूला उजाडल्यावर निजलेली आजच बघते."

तिचे डोळे भरले होते आणि ती हसत होती. मलाही तेच झालं. पत्र घडी करून वहीत ठेवलं. संध्याकाळी सांगेन, नाहीतर उद्या. चहा करायला गेले तर राहीने माझ्या हातातून कपबशा काढून घेतल्या, वाजतील म्हणून. मग आम्ही दोघी ओटीवर नुसत्या बसलो. शेजारची कोंबडी दारात येऊन ओरडायला लागली तेव्हा राही अनवाणी धावली आणि तिला पार गल्लीच्या टोकापर्यंत हाकलून आली.

नऊ वाजून गेले तरी येसूबाई निजलेलीच होती.